हातानं घडवलेली गिटार कशी बघावी, कशी ऐकावी: पुण्यातल्या नवख्यांसाठी

अकूस्टिक गिटारच्या सहा पोलादी तारा नेहमीच्या सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. हा ताण ज्या फळीला सोसायचा असतो ती जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते. फळी जाड ठेवली तर गिटार पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, पण आवाज कोंडलेला येईल. पातळ केली तर आवाज खुलेल, पण काही वर्षांत ब्रिजच्या (तारांची टोकं जिथं अडकवतात ती फळीवरची पट्टी) मागं पोट फुगेल, तारा वर उचलल्या जातील, एखाद्या उन्हाळ्यात फळी चिरेल. गिटार घडवणारा माणूस या दोन धोक्यांच्या मधली जागा शोधत असतो, आणि प्रत्येक फळीसाठी ती जागा वेगळी असते. हातानं घडवलेल्या गिटारमध्ये दाद द्यायची ती मुख्यतः याला. शिंपल्याची नक्षी, चकचकीत पॉलिश, हेडस्टॉकवर (खुंट्यांच्या शेंड्यावर) कोरलेलं नाव या गोष्टी छान असतात, पण त्या शेवटी बघायच्या.

पुण्यात गिटार शिकणारे खूप आहेत. चार कॉर्ड आले की चांगल्या गिटारची ओढ लागते, आणि मग कुणाकडे तरी हातानं घडवलेली गिटार बघायला मिळते. तेव्हा नेमकं काय बघायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. हा लेख त्यासाठी आहे. त्याकरता गिटार उत्तम वाजवता यायलाच हवी असं नाही. सोबत मोबाइलची टॉर्च, लांब दांड्याचा छोटा आरसा (दातांचे डॉक्टर वापरतात तसला), सहा इंची स्टीलची पट्टी आणि मोबाइलवर ट्यूनरचं अ‍ॅप एवढं असलं की पुरे.

पहिली पायरी: गिटारआधी लाकूड बघा

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक फेरी मारा. सागवानाच्या कापलेल्या ओंडक्याच्या तोंडाशी झाडाच्या वाढीची वर्तुळं स्पष्ट दिसतात. आता फळ्यांच्या टोकांकडे बघा. काही फळ्यांत या वर्तुळांच्या रेघा रुंद बाजूशी काटकोन करून उभ्या असतात, काहींत त्या आडव्या कमानी होऊन पसरलेल्या असतात. उभ्या रेघांची फळी हवामान बदललं तरी कमी पसरते, कमी मुरगळते. ओंडका असा कापायचा तर लाकूड जास्त वाया जातं, म्हणून ही फळी महाग पडते. चांगल्या गिटारचा टॉप, म्हणजे समोरची फळी, जवळजवळ नेहमी अशा उभ्या रेघांच्या फळीतून काढतात. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढचं निम्मं काम सोपं होतं. वखारीतली माणसं कामात असतात, तेव्हा गर्दीची वेळ टाळून जा आणि आधी विचारून बघा. लाकडाबद्दल आस्थेनं विचारणाऱ्याला ती सहसा परत पाठवत नाहीत.

तिथून शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि आपल्या मुलाच्या नावानं उभ्या केलेल्या या संग्रहात वाद्यांचं मोठं दालन आहे. तिथली तंतुवाद्यं बघताना एकच प्रश्न धरून ठेवा: कारागिरानं लाकूड कुठं जाड ठेवलंय आणि कुठं पातळ केलंय? दांडी आणि भोपळा जिथं जुळतात तिथला भरभक्कमपणा बघा, आणि ज्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या पातळ फळीवर, तारा पेलणारी घोडी बसते तिचा हलकेपणा बघा. सजावट बहुतेक कडांवर आणि जोडांवर असते, तबलीचा मधला भाग मोकळा सोडलेला असतो. तो मोकळाच राहायला हवा, कारण आवाज तिथून निघतो. गिटारचा टॉप म्हणजे हीच तबली.

जमलं तर मिरजेलाही जाऊन या. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर मंडळी जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार खुलवताना, घोडीचा पृष्ठभाग कानशीनं इतका थोडा घासतात की बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि तार छेडली की सगळं पालटलेलं असतं. किती काढायचं आणि कुठं थांबायचं याचा निर्णय कान घेतो. गिटार घडवणाऱ्याचं कामही याच जातीचं आहे.

दुसरी पायरी: टॉप

आता गिटार समोर घ्या. त्याआधी पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, अंगठी, शर्टाची धातूची बटणं यांचा बंदोबस्त करा. गिटार मांडीवर घेण्याआधी मालकाची परवानगी घ्यायचीच.

पहिली तपासणी साउंडहोलच्या, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाच्या, कडेवर. टॉपच्या रेघा कडेपाशी आल्या की खाली वळून जाडीतही तशाच उतरलेल्या दिसल्या, तर टॉप एकसंध लाकडाचा आहे. कडेत थर दिसले, तर तो प्लायवूडचा. स्वस्त गिटारींचे टॉप असेच असतात. ते मजबूत असतात, शिकायला चालतात, पण एकमेकांना चिकटवलेले आडवे-उभे थर एका फळीसारखे मोकळेपणानं हलत नाहीत. काही ठिकाणी साउंडहोलच्या कडेला पट्टी लावलेली असते. मग आतल्या बाजूनं आरसा धरून बघावं लागतं.

टॉप साधारणपणे स्प्रूसचा किंवा सीडरचा असतो. दोन्ही थंड प्रदेशातली झाडं. स्प्रूस वजनाला हलकं आणि रेघांच्या दिशेनं फार ताठ, आणि गिटारला नेमकं हेच हवं असतं. सीडर रंगानं तांबूस तपकिरी आणि मऊ असतं. हलक्या हातानं वाजवलं तरी लवकर बोलतं. कोणतं श्रेष्ठ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बोटांनी अलगद वाजवणाऱ्याला सीडर आवडण्याची शक्यता जास्त, पिकनं जोरात झोडणाऱ्याला स्प्रूस.

बहुतेक टॉप दोन तुकड्यांचे असतात. एकच फळी मधून चिरून पुस्तक उघडावं तशी उघडतात आणि कडेला कड जोडतात, म्हणून डावी-उजवी बाजू एकमेकीचं प्रतिबिंब दिसते. मधला जोड शोधा. चांगल्या कामात तो सापडायला वेळ लागतो. जोडाशी रेघा दाट आणि कडेकडे विरळ होत गेलेल्या दिसतील. गिटार उजेडात हळूहळू तिरकी करा. रेघांना आडवी, लहरत जाणारी चमक दिसली तर फळी अगदी बरोबर उभी कापली आहे. रेघा जितक्या दाट तितकं लाकूड चांगलं, असं दुकानांत सर्रास सांगतात. ते पुरेसं नाही. विरळ रेघांची ताठ फळी दाट रेघांच्या मऊ फळीपेक्षा केव्हाही बरी, आणि ताठपणा नजरेला दिसत नाही. तो घडवणाऱ्याच्या हाताला कळतो.

म्हणून रंधा मारताना तो सारखा थांबतो. फळी दोन्ही हातांत धरून किंचित वाकवतो, बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकतो, पुन्हा थोडी कापतो. एकाच ओंडक्यातल्या दोन फळ्यांची शेवटची जाडी वेगळी येऊ शकते. कारखान्यात हा वेळ देता येत नाही. तिथं जाडी आधी ठरलेली असते, आणि सगळ्यात कमजोर फळीही टिकावी म्हणून ती थोडी जास्तच धरलेली असते. यंत्रांना नावं ठेवायचं मात्र कारण नाही. फ्रेटच्या (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचा संगणकावर चालणाऱ्या कटरनं पाडल्या तर त्या हातच्यापेक्षा अचूकच येतात आणि कितीतरी उत्तम कारागीर तसं करतात. अमुक एका फळीचं रंधणं कुठं थांबवायचं, हा निर्णय माणसानं घेतलाय का, एवढं बघायचं.

स्टीलची पट्टी ब्रिजच्या मागच्या बाजूला, टॉपला न टेकवता, आडवी धरून बघा. टॉप सपाट दिसतो, पण बऱ्याच गिटारींत तो मुद्दाम अगदी किंचित घुमटाकार केलेला असतो. कारण पुण्याच्या हवेशी जोडलेलं आहे, त्यावर पुढं येतोच.

तिसरी पायरी: आत डोकवा

इथं घाई करू नका. माझ्या मते गिटार घडवणाऱ्याचं खरं अक्षर आत असतं.

तारा थोड्या सैल करायची परवानगी असेल तर करा, मग साउंडहोलमधून टॉर्च आणि आरसा आत धरा. टॉपच्या खालच्या बाजूला लाकडाच्या उभ्या-तिरप्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसतील. याला ब्रेसिंग म्हणतात. पातळ फळीनं सत्तर किलो पेलायचे ते या पट्ट्यांच्या जोरावर.

पोलादी तारांच्या गिटारमध्ये दोन मुख्य पट्ट्या साउंडहोलच्या खाली एकमेकींना छेदून फुली करतात. ही रचना ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांच्या गिटारींमध्ये १८४० च्या दशकात दिसू लागली. ते मूळचे जर्मनीतल्या सॅक्सनीचे. १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि पुढं पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी स्थिरावले. त्या वेळी तारा आतड्याच्या असत. पोलादी तारांचा मोठा ताण आला तेव्हा कळलं की ही फुली तोही पेलते, आणि आज जगभरातल्या बहुतेक पोलादी तारांच्या गिटारींत ती आहे. क्लासिकल म्हणजे नायलॉनच्या तारांच्या गिटारचा ताण चाळीस किलोच्या आसपास, त्यामुळे तिथं साउंडहोलच्या खाली पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या बारीक पट्ट्या भागतात. ही पंखा-रचना स्पेनमधल्या अल्मेरियाच्या अंतोनियो दे तोरेस यांनी १९ व्या शतकात पक्की केली. टॉप हाच गिटारचा जीव, हे दाखवायला त्यांनी १८६२ मध्ये एक गिटार अशी केली की तिचा टॉप लाकडी आणि मागची व बाजूची अंगं चक्क कागदाच्या लगद्याची. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

आता एकेक पट्टी निरखा. तिची उंची सगळीकडे सारखी आहे, की टोकांकडे उतरत नेली आहे? मध्येच खोलगट तासली आहे का? उंची थोडी कमी केली तरी पट्टीचा ताठपणा फार झपाट्यानं कमी होतो: उंची निम्मी केली तर ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. म्हणून पटाशीचा शेवटचा एखादा पापुद्रासुद्धा कानाला कळतो. पट्टीच्या टोकाशी रेघा कशा आहेत तेही बघा. चांगला कारागीर पट्टीसाठी लाकूड कुऱ्हाडीनं किंवा पाचरीनं फोडून घेतो, म्हणजे रेघ टोकापासून टोकापर्यंत अखंड धावते. करवतीनं कसंही कापलं तर रेघ मध्येच बाहेर पडते आणि पट्टी तिथं कमजोर होते.

टॉप आणि बाजू जिथं मिळतात तिथं आतून खाचा पाडलेली एक पट्टी गोलाकार फिरलेली असते. खाचा यासाठी की ती वळणावर वाकावी. या खाचा एकसारख्या अंतरावर आहेत का, मुख्य ब्रेसची टोकं या पट्टीत नीट खोवलेली आहेत की नुसती अलीकडेच सोडून दिली आहेत, हे बघा. सोडून दिलेली टोकं पहिल्यांदा सुटतात, आणि मग एका विशिष्ट सुरावर गिटार खरखरायला लागते.

गोंदाचे ओघळ दिसतात का? एखादा थेंब राहिला तर त्याचं अवडंबर करू नका. पण सगळीकडे ओघळ, पॉलिश पेपर न फिरवलेल्या खरबरीत कडा, पेन्सिलच्या खुणा तशाच, हे दिसलं तर ज्यानं गिटार केली त्याला आत कुणी बघणार नाही असं वाटत होतं. उलट काही कारागीर टॉपच्या आतल्या बाजूला सही आणि तारीख घालतात. ती आरशातच वाचता येते.

गोंद कोणता वापरला हे विचारण्यासारखं आहे. आजकाल बहुतेक जण लाकडासाठीचा पिवळट पांढरा गोंद वापरतात. जुन्या पद्धतीचे काही लोक सरस वापरतात, प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला, गरम करून लावायचा. सरस वाळला की टणक होतो आणि ऊब व ओलावा देऊन परत सोडवता येतो, म्हणजे पन्नास वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्यालाही काम करता येतं. फेव्हिकॉल लावून केलेली गिटार दिसली तर मात्र शंका घ्या. सतत ताणाखाली आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत तो हळूहळू सरकतो.

चौथी पायरी: पाठ आणि बाजू

इथं आपल्याकडचं लाकूड भेटतं. गिटारच्या पाठीसाठी जगभर वापरलं जाणारं एक प्रमुख लाकूड म्हणजे आपल्या सह्याद्रीचं आणि दक्षिणेतलं शिसवी, ज्याला बाहेर इंडियन रोझवूड म्हणतात. आधी गिटारवाल्यांचा ओढा ब्राझिलच्या रोझवूडकडे होता. ते दुर्मीळ झालं आणि ब्राझिलनं ओंडक्यांची निर्यात रोखली. मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये भारतीय शिसवी स्वीकारलं. २०१७ मध्ये या सगळ्या वंशाच्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, आणि तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ मध्ये. लाकूड कुठून आलं, परवान्याचं आहे का, हे कारागिराला विचारण्यात संकोच नको. प्रामाणिक माणसाला हा प्रश्न आवडतो.

बाजूच्या पट्ट्या दोनेक मिलिमीटर जाड असतात. ओल्या करून तापलेल्या लोखंडावर हळूहळू वाकवतात. कमरेच्या आतल्या वळणावर बोट फिरवा: तिथं लाकूड सगळ्यात जास्त दमतं. लाटा, बारीक चिरा, जळके डाग यांपैकी काही नसेल तर हात तयार आहे. गिटारच्या बुडाशी दोन्ही बाजू मिळतात तिथं रेघा जुळतात का तेही बघा. बाजू दोन थरांची असेल तर कमीपणा मानू नका; टॉपनं हलावं आणि बाजूंनी ताठ उभं राहावं म्हणून नामवंत कारागीरही तशी करतात.

पाचवी पायरी: नेक, फ्रेट, नट

डोळे मिटा आणि नेकच्या, म्हणजे दांडीच्या, दोन्ही कडांवरून तळहात खाली-वर फिरवा. फ्रेटची टोकं लागता कामा नयेत. मग हेडस्टॉककडून एक डोळा मिटून नेकच्या लांबीवरून बघा: किंचितसा खोलगटपणा असावा, वळसा नसावा.

फ्रेटच्या जागा हिशोबानं ठरतात. तार बाराव्या फ्रेटवर बरोबर अर्धी होते, आणि प्रत्येक फ्रेटसाठी उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागून येईल तेवढं पुढं जायचं. ६५० मिलिमीटरच्या तारेला पहिला फ्रेट नटपासून (हेडस्टॉकशी तारा जिच्या खाचांत बसतात ती पट्टी) साधारण ३६.५ मिलिमीटरवर येतो. हा हिशोब कुणीही करू शकतं. कसब दिसतं ते ब्रिजवरच्या सॅडलमध्ये, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या बारीक पट्टीत: बोटानं दाबली की तार थोडी ताणली जाऊन चढी बोलते, म्हणून प्रत्येक तारेची लांबी किंचित वाढवावी लागते, जाड तारेची जास्त. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून येणारा सूर आणि तिथंच दाबून येणारा सूर ट्यूनरवर ताडून बघा. सहाही तारांवर दोन्ही जुळले तर सॅडल घासताना कुणीतरी जीव ओतला आहे. नट आणि सॅडल हाडाचे असतील तर चांगलं. नटच्या खाचेत तार अर्धी बसलेली, अर्धी वर दिसावी.

फ्रेटबोर्ड काळ्याभोर एबनीचा हवा हा हट्ट सोडून द्या. करड्या-तपकिरी पट्ट्यांची एबनीही तितकीच टणक असते; एकरंगी काळ्याच्या मागणीपायी जंगलात किती झाडं पाडून तशीच टाकून दिली गेली हे कळलं की पट्टे सुंदर दिसायला लागतात.

सहावी पायरी: सजावट आणि पॉलिश

रोझेट, म्हणजे साउंडहोलभोवतीचं वर्तुळ, स्पॅनिश परंपरेत रंगीत लाकडाच्या बारीक काड्या जुळवून, त्यांचे काप काढून बसवतात. जवळून बघा: फटी आहेत का, पुट्टी भरली आहे का. कडांवरच्या बाइंडिंगच्या रेषा जिथं कोन करतात तिथं त्या एकमेकींत नीट मिळतात का. बाइंडिंग नुसतं शोभेचं नसतं, टॉप आणि पाठ यांच्या उघड्या कडा ते धक्क्यापासून आणि दमटपणापासून वाचवतं.

पॉलिशचा थर जितका पातळ तितका बरा, कारण जाड थर टॉपला जखडतो. सगळ्यात पातळ फ्रेंच पॉलिश: आपल्याच देशातली चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्यानं, दिवसचे दिवस, थरावर थर. त्यावर प्रकाश पडला की लाकडाच्या रेघा वर येतात. पण घामानं आणि उष्णतेनं ते मऊ पडतं. मे किंवा ऑक्टोबरमध्ये अशी गिटार वाजवताना उजव्या हाताखाली सुती रुमाल ठेवा. कारागिराला तुमच्याबद्दल लगेच आदर वाटेल.

सातवी पायरी: ऐका

रस्त्यावरच्या दुकानात, हॉर्नच्या आवाजात, गिटार ऐकून काही कळत नाही. शांत खोली, पंखा बंद. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगा आणि समोर सात-आठ फुटांवर बसा, कारण गिटारचा आवाज पुढं जातो आणि वाजवणाऱ्याला तो पूर्ण ऐकू येत नाही. तारा बऱ्यापैकी नव्या आहेत ना, हे आधी विचारून घ्या. गंजलेल्या तारांवरून गिटार जोखणं अन्यायाचं आहे.

एकेक मोकळी तार छेडा आणि सूर पूर्ण विरेपर्यंत थांबा. नवख्या माणसाला हे थांबणं जमत नाही, पण गिटारची ओळख सुराच्या शेवटच्या भागात होते. मग एकच सूर वेगवेगळ्या तारांवर वाजवा. रंग बदलेल, पण ताकद एकदम ढासळायला नको. वरच्या फ्रेटवर, बाराव्याच्या पलीकडे, पातळ तारेवर सूर किती भरीव राहतो ते बघा. तिथं सामान्य गिटार टकटक करते, चांगली गिटार गाते. शेवटी अगदी हळू वाजवा, मग पूर्ण जोरात. जोरात वाजवल्यावर आवाज मोठा होतो, की नुसता कर्कश होतो?

सवाई गंधर्व महोत्सवात तंबोरे ऐकत मोठ्या झालेल्या पुणेकरांच्या कानांसाठी एक खास अभ्यास आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो आपण लहानपणापासून ओळखतो. तोच गिटारच्या सगळ्यात जाड तारेत शोधायचा. आधी चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे, नटच्या बाजूला, तारेला बोट नुसतं टेकवून छेडा: षड्‌जाच्या दोन सप्तकं वरचा गंधार स्वच्छ वाजेल. तो कानात ठेवा. आता बोट काढून मोकळी तार छेडा आणि सूर विरत असताना तो गंधार आत ऐकू येतो का ते शोधा. चांगल्या गिटारमध्ये तो सापडतो, टिकतो, आणि त्याच्यावरचे आणखी काही स्वर सापडतात. कोंडलेल्या गिटारमध्ये मूळ सूर लवकर एकटा पडतो. हा अभ्यास दोन वेगळ्या गिटारींवर लागोपाठ करा. कॅम्पातल्या किंवा पेठांतल्या वाद्यांच्या दुकानातली साधी गिटार तुलनेला उत्तम. मोजमापं, नावं, किमती यांच्यापेक्षा या पाच मिनिटांत जास्त कळतं असं माझं ठाम मत आहे.

आठवी पायरी: पुण्याची हवा

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा ३० टक्क्यांच्या खाली उतरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. गिटार साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत बांधायची असते. म्हणजे आपल्याकडे वर्षातून दोनदा तिची परीक्षा असते. सोळा इंच रुंदीचा टॉप या चढउतारात काही मिलिमीटरनं आक्रसू शकतो किंवा पसरू शकतो, आणि तो चहूबाजूंनी चिकटवलेला असतो. टॉप किंचित घुमटाकार असण्याचं कारण हे: आक्रसताना घुमट थोडा बसतो आणि फळी चिरायची वाचते.

उन्हाळ्यात टॉप बसला की तारा फ्रेटला लागून खणखणतात, आणि फ्रेटबोर्ड आक्रसून फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. पावसाळ्यात टॉप फुगतो, तारा वर जातात, वाजवायला जड होते, आवाज ओला वाटतो. हे थोडंफार प्रत्येक गिटारमध्ये होणारच. चांगली गिटार हवा सुधारली की पूर्वपदावर येते, आणि लाकूड न मुरवता घाईनं केलेली गिटार येत नाही. म्हणून कारागिराला हे दोन प्रश्न विचाराच: लाकूड किती वर्षं मुरवलंय, आणि टॉपवर ब्रेस चिकटवले तेव्हा खोलीतली आर्द्रता किती होती? दुसऱ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देणारा माणूस विश्वासाचा.

स्वतःकडे गिटार असेल तर केसमध्ये एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवा. उन्हाळ्यात केसमध्ये ओलावा देणारी नळी किंवा छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळलेला ओला स्पंज, पावसाळ्यात सिलिका जेल. गाडीच्या डिकीत पाच मिनिटंही नको.

नववी पायरी: घडवणाऱ्याला भेटा

पुण्यात आणि आसपास हातानं गिटार घडवणारे मोजके लोक आहेत, दुरुस्ती करणारे त्याहून जास्त. सुरुवात दुरुस्तीवाल्यांपासून करा. टॉप उघडलेली, नेक काढलेली गिटार बघायला मिळाली तर वर सांगितलेलं सगळं एका दुपारी डोळ्यांसमोर उलगडतं. फोन करून, वेळ ठरवून जा.

गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. एका माणसाला एका गिटारवर शंभराहून जास्त तास सहज लागतात, त्यात लाकूड मुरवण्याची वर्षं धरलेली नसतात. हे ध्यानात ठेवलं की किंमत ऐकून घासाघीस करावीशी वाटणार नाही. विचारायचंच तर हे विचारा: या गिटारचा टॉप तुम्ही कुठं थांबवलात, आणि का तिथं? नेक पुढं कधी काढून पुन्हा बसवायची झाली तर सोपी जाईल का? यानंतरच्या गिटारमध्ये काय वेगळं कराल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लांब येतं. मध्ये बोलू नका.

आणि शक्य असेल तर तीच गिटार दोन ऋतूंत बघा. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तारेची खालची कड फ्रेटपासून किती वर आहे ते स्टीलच्या पट्टीनं मोजून वहीत लिहा. पोलादी तारांच्या गिटारला अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. शेजारी तारीख आणि त्या दिवसाची आर्द्रता लिहा. एक नोंद मे महिन्यातली, एक ऑगस्टमधली. मग दोन्ही वेळी मोकळ्या तारेतला गंधार किती टिकला तेही लिहून ठेवा.